सकाळचे काका आणि दुपारचे काका

हिंगोलीत बसस्थानकाकडून बाजाराकडं जाताना एक जुनी दगडी भिंत लागते. तिच्या सावलीला मी पुस्तकं मांडतो. खाली ताडपत्री, तिच्यावर चादर, चादरीवर पुस्तकं. स्पर्धा परीक्षांची पुढं, कारण पोरं तीच मागतात. त्यांच्यामागं जुन्या कादंबऱ्या, पोथ्या, भजनांची पुस्तकं, शेतीची, स्वयंपाकाची. जयंतीच्या दिवसांत निळ्या मुखपृष्ठांची चळत सगळ्यांत पुढं येते. माझे वडील त्याच पुस्तकांवर वाचायला शिकले, म्हणून ती मांडताना मी हात धुऊन घेतो.

सकाळी वर्तमानपत्रंही विकतो. बातमी आता फोनवर आधी येते, हे मलाही कळतं. तरी काही माणसांना कागद लागतो. फोनवरची बातमी दुपारपर्यंत बदलते, छापलेली बदलत नाही, मग ती खोटी का असेना. इतकी वर्षं बसून मी एक पाहिलं. पहिलं पान माणसं नुसतं उलटतात. थांबतात ती हळदीच्या भावापाशी आणि निधनाच्या जाहिरातींपाशी. तिथं मात्र बोट ठेवून वाचतात.

समोर मोबाईलचं दुकान आहे. तिथं एकच गाणं दिवसभर लागतं, पूर्ण कधीच नाही. त्याच्या शेजारी पानटपरी. मिरवणुका याच रस्त्यानं जातात आणि त्यांच्या आवाजानं माझ्या पुस्तकांची पानं आपोआप थरथरतात. वसमतकडची माणसं वेगळाच आवाज सांगतात. तिकडच्या गावांत जमिनीच्या आतून काहीतरी गुरगुरतं, अधूनमधून पेपरातही येतं. कुरुंद्याचा एक हळदवाला मला म्हणाला होता, "भांडी वाजतात, मंग थांबतात. वाजतात तवा इतकं भ्या वाटत न्हाई. थांबल्यावर वाटतं." मला ते तेव्हा नीट समजलं नव्हतं.

माझ्याकडं रोज सकाळी एक काका येत. टेलिफोन खात्यात लाइनमन होते, निवृत्त झाले, बायको वारली, मुलगी नांदेडला दिलेली. गावात एक खोली घेऊन एकटे राहत. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, उघडं डोकं, पांढऱ्या मिशा. माझ्या बाजूच्या स्टुलावर बसून सगळा पेपर वाचत आणि मग मला बातम्या समजावून सांगत. कोणत्या धरणात पाणी किती, कोणता रस्ता कोणी खाल्ला. गाण्याबिण्याचा त्यांना कंटाळा. मोबाईलवाल्याचं गाणं सुरू झालं की म्हणत, "कुणाची तरी तार तुटली वाटतं." दुपारच्या आत जेवायला निघून जात.

बाजाराच्या दिवशी मात्र ते दुपारी पुन्हा येत. डोक्यावर टोपी, हातात पिशवी. तेव्हा बातम्यांचं नावही काढत नसत. भजनाची जुनी पुस्तकं चाळत, एखादी ओळ गुणगुणत, चाल कशी बदलत गेली ते सांगत. म्हणत, "आता मंडळात पोरं येतात, पर सूर धरून ठेवत न्हाईत. माईक हाय म्हणून घसा सोडून देतात." मला वाटे, जेवून आल्यावर माणूस मऊ होतो. टोपी उन्हासाठी. कधी मी सकाळचा विषय काढला तर ते नुसते हसत, जणू काही आठवत नाही. वय झालं, असं मी धरून चाललो. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. रस्त्यावर बसणारा माणूस लोकांना काका, मामा, दादा म्हणतो आणि त्यात वर्षं निघून जातात.

एका बाजाराच्या दिवशी त्यांनी मला पेटी शिकवणारं एक जुनं पुस्तक शोधायला सांगितलं. लहानपणी गुरूकडं पाहिलं होतं, म्हणाले, नातीसाठी पायजे. मी नांदेडच्या एका रद्दीवाल्याला सांगून ठेवलं.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी काका सकाळी आले ते गेलेच नाहीत. खोलीत लाईट नव्हती, उकडत होतं. दुपार टळली तरी ते स्टुलावर पेपर घेऊन बसले होते. मी गिऱ्हाइकांत गुंतलो होतो. एकदा सहज पाहिलं, तर काका रस्त्यापलीकडं बघत होते. त्यांनी हात वर नेला, केसांवरून फिरवला, आणि तो तसाच डोक्यावर राहिला. बराच वेळ.

"काय झालं काका?" मी विचारलं.

"काही न्हाई. ऊन लागलं."

मग पेपराची घडी घालून ते लगेच उठले. त्या दुपारी टोपीतले काका आले नाहीत. येणार तरी कसे, असं मला वाटलं. दिवसभर तर इथंच होते.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी गठ्ठे सोडून पुरवण्या आत घालत होतो. आतल्या पानावर काकांचा फोटो होता. टोपी घातलेला, कपाळाला बुक्का, खाली 'दुःखद निधन'. नाव वाचलं, पण मला नाव माहीत नव्हतं, त्यामुळं ते त्यांचंच असणार. गाव मात्र पुसेगाव लिहिलेलं. माणूस शेवटी मूळ गावी जातो, असं मी मनात म्हटलं. मला फार वाईट वाटलं. स्टूल उचलून भिंतीला उलटं लावून ठेवलं. पेपर विकत राहिलो, पण प्रत्येक पेपरात ते पान जात होतं, आणि मी काकांनाच घरोघरी पाठवतो आहे असं वाटत होतं.

थोड्या वेळानं समोर सावली पडली.

"स्टूल काहून उलटं केलं?" काका म्हणाले.

 ते उभे होते, उघड्या डोक्यानं, रोजच्यासारखे. त्यांनी स्वतःच स्टूल सरळ केलं, बसले, पेपर घेतला. मी तो हातातून काढून घेणार होतो, पण हात पुढं गेला नाही. ते एकेक पान वाचत गेले. आतल्या पानावर आले आणि थांबले. वाचणारी सगळी माणसं ठेवतात तसं त्यांनीही बोट ठेवलं, स्वतःच्या चेहऱ्याखाली.

"हे कोण हाय?" त्यांनी विचारलं.

"तुमीच ना काका?"

"माझं नाव हे न्हाई. पुसेगाव मी आयुष्यात पाह्यलं न्हाई." त्यांचा आवाज शांत होता. "पर तोंड माझंच हाय."

मी म्हणालो, छापखान्यात फोटो बदलला असेल. तुमचा फोटो कुठून तरी गेला असेल.

"मी जन्मात टोपी घातली न्हाई," ते म्हणाले.

 मी हळूच विचारलं, "बाजाराच्या दिवशी दुपारी तुमी येता तवा? टोपी घालून? पेटीचं पुस्तक सांगितलं होतं मला."

काकांनी पेपर मांडीवर ठेवला. "मी दुपारी कवाच आलो न्हाई," ते म्हणाले. "पेटीचं पुस्तक मी काय करू?"

इतकी वर्षं मी दोन माणसांना एकच समजत होतो. एकाला सांगितलेली गोष्ट दुसऱ्याला विचारत होतो. एकाचं दुखणं दुसऱ्याला, 'आता बरं हाय का' म्हणून. आणि दोघांनीही मला कधी अडवलं नाही.

पुढचे काही दिवस वाईट गेले. पेपर सगळ्या गावात गेला होता. चहावाल्यानं काकांना पाहिलं आणि त्याच्या हातातली किटली कलंडली. मी समजावून सांगितलं, त्यानं मान डोलावली, पण काकांचा कप तो माझ्याच हातात देऊ लागला. एक बाई पोथी बघत होती, काका स्टुलावर येऊन बसले तशी ती पोथी ठेवून निघून गेली. काका म्हणाले, "माणसं कागदावरचं खरं धरतात. मीही धरत होतो."

त्यांची झोप उडाली होती. आरशासमोर दाढी करवत नाही, म्हणाले. त्याच आठवड्यात नांदेडहून पेटीचं पुस्तक आलं. कव्हर फाटलेलं, पण पानं पुरी होती. मी ते काकांपासून लपवून ठेवणार होतो, पण त्यांनी पाहिलं.

"ज्याचं हाय त्याच्या घरी देऊन येऊ," ते म्हणाले. "मीबी येतो."

"काका, तुमी नका येऊ. घरात सुतक हाय. तुमाला पाहून त्यांचं काय होईल?"

"आणि न्हाई गेलो तर माझं काय होईल?"

मी पुस्तक पिशवीत घातलं. आम्ही सकाळीच जीपमध्ये बसलो. काकांनी तोंडाला उपरणं गुंडाळलं होतं. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून झालेली रानं होती, नुसती धसकटं. गाव जवळ आलं तसे काका खिडकीबाहेर बघेनासे झाले.

पुसेगावला उतरून आम्ही घर विचारलं. सांगणाऱ्यानं हात करून गल्ली दाखवली. गल्लीच्या तोंडाशी काकांचा श्वास कोंडू लागला म्हणून त्यांनी उपरणं काढलं. तेवढ्यात एक तांबडं कुत्रं समोरून धावत आलं. शेपूट हलवत, अंग वाकडं करत, अगदी घरच्या माणसाकडं यावं तसं. काकांच्या पायापाशी आलं, हुंगलं, आणि थांबलं. शेपूट खाली गेली. ते भुंकलं नाही. मागं मागं सरकत एका उंबऱ्याशी गेलं आणि तिथं पोट टेकून बसलं. घर तेच होतं.

ओसरीवर डोकं भादरलेला एक तरुण बसला होता. त्यानं काकांना पाहिलं आणि उठून उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला. मी घाईनं बोलू लागलो. हिंगोलीचा पुस्तकवाला आहे, तुमच्या वडिलांनी पुस्तक सांगितलं होतं, हे माझ्या ओळखीचे काका आहेत, दिसायला तसे आहेत, पेपरात फोटो पाहून यांनाच धक्का बसला. तो ऐकत होता की नाही, कळलं नाही. तो आत वळून म्हणाला, "माय, बाहेर ये. घाबरू नको."

त्याची आई बाहेर आली. कपाळ मोकळं, डोक्यावर पदर. तिनं काकांकडं पाहिलं. मी बाईमाणसाला कुणाकडं इतका वेळ बघताना कधी पाहिलं नव्हतं. केस, कपाळ, मिशा, हात, पाय. मग तिनं भिंतीचा आधार घेतला आणि खाली बसली.

"बसा," ती म्हणाली. "हिंगोलीचेच ना तुमी? पुस्तकवाल्याजवळ बसता ते?"

आता पांढरं पडायची पाळी आमची होती.

"तुमाला कसं माहीत?" काकांनी विचारलं.

"ते सांगत व्हते. लई वर्सं झाली. एकदा बाजारातून आले आणि म्हणाले, आज मी मलाच पेपर वाचताना पाह्यलं. आमी हसलो. ते हसले न्हाईत. मंग दर बाजाराला आधी लांबून बघायचे. तुमी असले तर पलीकडं थांबायचे, तुमी गेल्यावर पुस्तकाकडं जायचे."

"काहून?" काका म्हणाले. "येऊन बोलायचं व्हतं ना माझ्याशी."

तिनं पदर तोंडाशी धरला. "त्यांची आजी सांगायची म्हणं, आपल्यासारखं माणूस समोरासमोर आलं की एकाला जावं लागतं. मी म्हणायची, हे काय खरं असतं व्हय. ते म्हणायचे, नसंल खरं, पर कोणाला तकलीफ काहून द्यावी."

 आत एका कोपऱ्यात पेटी होती, धोतराच्या पानात गुंडाळून ठेवलेली. भिंतीशी हार घातलेला फोटो, समोर समई. काका त्या फोटोच्या बरोबर समोर बसले होते. मी दोघांकडं एकदम बघायचं टाळत होतो. मुलानं काकांना विचारलं, तुमचं गाव कोणतं, आईचं माहेर कोणतं, कोणी पाव्हणे इकडं होते का. काकांनी सगळं सांगितलं. कुठंच काही जुळलं नाही. कळमनुरीकडचं घर, आईबापाला ते एकटेच, या भागात सोयरीक नाही.

"पेटी येते का तुमाला?" बाईनं विचारलं.

"न्हाई. मला गाण्यातलं काहीच कळत न्हाई."

तिनं मोठा श्वास सोडला. "बरं झालं," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा चेहरा थोडा सैल झाला.

मी पुस्तक काढून पुढं ठेवलं. चहा आला. एवढ्यात अंगणवाडीतून एक लहान पोरगी आली, हातात खिचडीचा डबा. ती थेट काकांकडं गेली, त्यांचं बोट धरलं आणि विचारलं, "आजा, तू बरा झाला?"

आजी उठायला गेली, पण तिच्यानं उठवेना. मुलगा जागचा हलला नाही. मी काकांकडं बघितलं. काहीतरी बोला, सांगा की मी तो नाही, असं मला ओरडावंसं वाटलं.

"मंग टोपी कुठंय?" पोरगी म्हणाली.

काका तिच्याकडं बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि तरी तोंडावर एक विचित्र शांतपणा होता, घरी आलेल्या माणसासारखा.

"हरवली," ते म्हणाले.

पोरीनं मान डोलावली, जणू तिला एवढंच हवं होतं, आणि डबा घेऊन आत पळाली. ओसरीवर थंडगार शांतता पसरली. त्या क्षणी मला कुरुंद्याच्या हळदवाल्याचं बोलणं समजलं.

बाई हात जोडून म्हणाली, "तुमी आले, पुस्तक आणलं, लई उपकार झाले. पर आता परत येऊ नका. लेकरू विसरून राहिलं व्हतं. आणि..."  थोड्या वेळानं ती हळू आवाजात म्हणाली, "आणि मलाबी खरं वाटून राहिलं."

काकांनी तिला वाकून नमस्कार केला. आम्ही निघालो. कुत्रं उंबऱ्याशी तसंच बसलं होतं, मान वर करून बघत.

परतीच्या जीपमध्ये आम्ही मागच्या बाकावर होतो. काकांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग बाहेर बघतच म्हणाले, "मी पाह्यलं व्हतं त्याला."

"कधी?"

"त्या दिवशी. लाईट नव्हती म्हणून मी तुमच्याजवळ बसलो व्हतो, तवा. पानटपरीला मोठा आरसा हाय ना? मी मान वर केली, तर त्या आरशात मी दिसलो. टोपी घातलेला. वाटलं, आरशावर काही चिकटवलं असंल, ते माझ्या डोक्यावर आलं असंल. म्हणून मी केसांवरून हात फिरवला." ते थांबले. "आरशातल्यानं फिरवला न्हाई. तो नुसता माझ्याकडं बघत व्हता."

जीप खड्ड्यातून गेली, सगळे हलले.

"पानटपरीला आरसा न्हाई काका," मी म्हणालो. "मागच्या मिरवणुकीत फुटला. नुसती चौकट हाय. पलीकडचं माणूस दिसतं तिच्यातून."

काकांनी मान हलवली. त्यांना ते बहुतेक आधीच कळलं होतं. "त्याला माहीत व्हतं म्हणून तो बाजूला उभा राहायचा," ते म्हणाले. "मला माहीत नव्हतं म्हणून मी बसून राहिलो."

"हे असं काही नसतं काका. त्यांना आजार व्हता. पेपरात लिहिलं व्हतं."

"पेपरात," काका म्हणाले.

मी पुस्तकं विकतो. भुताखेतांची विकतो, अंधश्रद्धेविरुद्धचीही विकतो, आणि दुसरीच जास्त वाचली आहेत. एका चेहऱ्याची दोन माणसं असू शकतात, एक आजारानं जाऊ शकतो. यात न समजण्यासारखं काही नाही, हे मी स्वतःला कितीदा तरी सांगितलं आहे. दिवसाउजेडी ते पटतंही. पण काका टपरीकडं बघत डोक्यावर हात ठेवून बसले होते तेव्हा मी त्यांच्या शेजारी होतो, आणि मी मान वर करून पलीकडं पाहिलं असतं तर मला काय दिसलं असतं, हे मला अजून कळत नाही.

काकांनी नंतर मिशा काढल्या. दाढी वाढवली. मग काही महिन्यांनी मुलगी येऊन त्यांना नांदेडला घेऊन गेली. जाताना त्यांनी माझं नाव विचारलं आणि मी त्यांचं. दोघांनाही ऐकून जरा परकं वाटलं.

आता ते अधूनमधून सकाळी फोन करतात. तब्येतीचं बोलणं होतं, मुलगी चांगलं सांभाळते म्हणतात. गेल्या आठवड्यात बाजाराचा दिवस होता. त्यांनी विचारलं, "दुपारी कोणी येतं का?"

"न्हाई काका."

"बराबर पाह्यलं का?"

"पाह्यलं."

तिकडं थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. "आलं कोणी तर बसू द्या," ते म्हणाले. "उभं राहून राहून पाय दुखले असतील त्याचे."

मी बरं म्हणालो. मग त्यांनी आजचा पेपर वाचून दाखवायला सांगितला. इथलं पान तिकडच्या आवृत्तीत येत नाही. मी हळदीच्या भावापासून सुरुवात केली.